बोटभर जागा

कोंडीरामाला माती देऊन भिमाजी देवळात परतला, तर काच फुटलेली.

काच म्हणजे रंगीत खिडकीची नव्हे. मोठ्या दाराच्या डाव्या हाताला, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाजवळ, भिंतीला वरून खाली छातीपर्यंत एक भेग उतरली होती. त्या भेगेवर आडवी चिकटवलेली, बोटाएवढी, पातळ काचेची पट्टी. नगरहून आलेल्या रोहिणी इंजिनिअरबाईंनी ती जानेवारीत लावली होती आणि खाली पेन्सिलीनं तारीख टाकली होती. भेग जुनी, थांबलेली असेल तर काच टिकेल. अजून हलत असेल तर फुटेल, एवढं साधं गणित. टिकली तर भेग चुन्यानं बुजवायची. फुटत राहिली तर बाई तसं लिहून देणार, मग देऊळ उतरवायचं आणि त्या जागी सिमेंटचं नवं बांधायचं. ईस्टरनंतर निकाल लागायचा होता.

भिमाजीनं लगेच हात लावला नाही. साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर होता तो. मोडलेल्या वस्तूकडं आधी बघायचं, मग हात लावायचा, हे अंगात भिनलेलं. पट्टी बरोबर मधोमध तडकली होती. दोन महिने गप होती आणि नेमकी आज फुटली? आज तर देवळात चिटपाखरू नव्हतं. सगळी वस्ती मातीला गेलेली आणि तो स्वतः वर घंटेपाशी. भिमाजीच्या मनात पाल चुकचुकली.

इथली रीत अशी की कुणी गेलं आणि प्रेत देवळातून निघालं, की घंटा सुरू होते आणि माणसाच्या वयाएवढे ठोके पडतात. कोंडीराम त्र्याऐंशीचा, म्हणून त्र्याऐंशी ठोके. घंटेचा दोर खालपर्यंत येत नाही. लाकडी जिना चढून माळ्यावर उभं राहून ओढावा लागतो, आणि तिथून खाली कोण आलं, कोण गेलं, काही दिसत नाही. ठोके संपले की भिमाजी कब्रस्तानाकडं जाणाऱ्या मधल्या, जवळच्या वाटेनं पाय उचलत जातो आणि मूठभर माती टाकायला कसाबसा पोचतो.

हे काम त्याच्या घरात तीन पिढ्यांचं. बाप्तिस्म्याच्या वहीत त्याचं नाव बेनेडिक्ट. पण ते फक्त वहीला माहीत, गावाला भिमाजीच. त्याचा आजा राणू हे देऊळ बांधणाऱ्या गवंड्यांतला एक. एकोणीसशे अकरा साली एका जर्मन ब्रदरनं नकाशा काढला, आणि ज्यांना गावातल्या कुठल्याच देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांनी नदीच्या खडकातून दगड काढून स्वतःचं देऊळ उभं केलं. चुना बैलाच्या घाणीवर मळला, त्यात गूळ घातला, बेलफळ घातलं. टोकदार कमानी, छपराला सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं आणि दारावर चौकोनी मनोरा. जर्मनीची घंटा राहुरीपासून बैलगाडीतून आली तेव्हा राणू गाडीमागं चालत आला होता, ही गोष्ट भिमाजीनं इतक्यांदा सांगितली होती की लोक बैलगाडी जोडायच्या आतच उठून जायचे.

घरी आला तर थोरली बहीण बनुबाई खाटेवरून तोंड उघडून तयार.

"मोजले म्या. ब्याऐंशी झाले. कोंडीरामाचा येक खाल्लास."

"त्र्याऐंशीच दिले, आक्का."

"माज्या टायमाला असं करू नगं. येक्याऐंशी म्हंजी येक्याऐंशी."

वहीप्रमाणं बनुबाई एकोणऐंशीची. पण तिचं म्हणणं, तिच्या जन्माच्या वेळी पाद्री दोन वर्षं या वस्तीकडं फिरकलाच नव्हता, त्यामुळं ते दोन ठोके वहीनं चोरले. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही, भावाच्या घरी चाळीस वर्षं राबली. लग्नसुद्धा बँडाशिवाय उरकलं होतं. वाजतगाजत म्हणावं असं तिच्या वाट्याला एकच राहिलं होतं, ते म्हणजे हे ठोके. भिमाजीला ते माहीत होतं, म्हणून तो तिच्याशी कधी वहीची गोष्ट काढायचा नाही.

चार दिवसांनी रोहिणीबाई आल्या. फुटलेली पट्टी काढली, नवी लावली, आणि जाता जाता फादर प्रवीण यांना म्हणाल्या, "इथं कुणाचा हात तर लागला नाही ना?"

बाई सहज बोलल्या. पण संशयाला पाय फुटायला एवढं पुरतं. भिमाजीच्या डोक्यात तो 'हात' शिरला तो शिरलाच. कुणाचा हात?

विचार करायला फार लांब जायची गरज नव्हती. फाट्यावर मच्छिंद्रचं सिमेंट-सळईचं दुकान होतं. तो पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे देवळाच्या पंचकमिटीचा सेक्रेटरी. चार वर्षं त्याचं एकच पालुपद: जुनं उतरवा, नवं बांधा, खाली हॉल काढा, लग्नं लागतील. आणि नव्या देवळाला सिमेंट कुठून येणार? आकाशातून तर पडणार नाही. कोंडीरामाच्या मातीला मच्छिंद्र दिसला होता का? भिमाजीनं आठवून पाहिलं, नव्हता दिसला. त्यानं फादरना विचारलं. फादर म्हणाले, "तो मेणबत्त्यांचे स्टँड आणि खुर्च्या आत ठेवत होता. दर वेळी तोच ठेवतो."

म्हणजे आतच होता! भिमाजीला आणखी काय हवं होतं? त्या दिवसापासून मच्छिंद्र हसला तरी भिमाजीला त्यात पाणी मुरताना दिसायचं. मच्छिंद्रनं मिस्सेच्या उपासनेला भिंतीकडं पाहिलं, तर हा बघतोय कसा. नाही पाहिलं, तर हा मुद्दाम बघत नाही. एकदा मच्छिंद्रच्या बाहीला पांढरी भुकटी दिसली. सिमेंटच्या दुकानदाराच्या बाहीला भुकटी नाही तर काय अत्तर असणार, पण भिमाजीनं ती मनात टिपून ठेवली.

पुढच्याच रविवारी त्यानं तोंड उघडलं. मिस्सा संपून लोक दारात घोळक्यानं उभे होते.

"काच आपून हून फुटली न्हाई," तो मोठ्यानं म्हणाला. "ज्याला नवं बांधायचं हाय त्यानं फोडली. कुंपनच शेत खातंय."

सगळ्यांच्या माना मच्छिंद्रकडं वळल्या. त्याचा चेहरा उतरला. "तात्या, माजा बाप ह्या देवळातनं गेला. तुमीच ठोके दिले हुते."

"म्हून तर इचारतो. मातीला का नव्हतास?"

"खुर्च्या कोन आवरनार? तुमी?"

"खुर्च्या आवरत हुतास का काच?"

फादर मध्ये पडले म्हणून भागलं. मच्छिंद्रची बायको सीमा रडत घरी गेली. भिमाजीला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच. देऊळ वाचवायचं तर कुणीतरी वाईट व्हायलाच हवं, आणि तो व्हायला तयार होता.

ईस्टरच्या आधी येतो त्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या आठवड्यात मार्थाबाई गेली. वय चौऱ्याण्णव. ठोके द्यायचे म्हणजे भिमाजीला वर राहणं भाग होतं, पहारा ठेवता येणार नव्हता. मग त्यानं डोकं चालवलं. घरून चुलीतली राख चाळून आणली. प्रेत दारातून निघालं, लोक मागोमाग गेले, तसं त्यानं भेगेखालच्या फरशीवर ती राख पातळ पसरली, अंगणात रांगोळीआधी जमीन सारवावी इतक्या सफाईनं. काच तेव्हा धड होती, ती त्यानं डोळ्यांनी पाहिली. काचेला हात पोचवायचा तर राखेत पाय पडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. राखेच्या बुधवारी कपाळाला लागते ती राख माणसाला त्याच्या मरणाची आठवण देते; ही राख मच्छिंद्रला त्याच्या चपलेची देणार होती.

चौऱ्याण्णव ठोके दिले. खांदे भरून आले. खाली स्टँड सरकवल्याचा, खुर्च्या आपटल्याचा आवाज त्याच्या कानावर येत होता, आणि प्रत्येक आवाजाला तो मनात म्हणत होता, जा, जा त्या कोपऱ्यात. त्या दिवशी तो माती द्यायला गेलाच नाही. तडक जिना उतरला.

काच फुटली होती.

राखेवर पाऊल नव्हतं. चपलेचं नाही, बोटाचं नाही, मांजराचंसुद्धा नाही. फक्त भेगेच्या बरोबर खाली, राखेवर बारीक पांढरे कण पडले होते. भिमाजीनं एक कण उचलून बोटांत चुरडला. चुना. वरून सांडलेला.

तो तिथंच बसला. समोर मच्छिंद्र खुर्च्यांची चळत घेऊन उभा होता. त्यानं राखेकडं पाहिलं, काचेकडं पाहिलं. पायात चपलाही नव्हत्या त्याच्या.

"मोजा माजे पाय," तो म्हणाला.

काच फोडायला माणूस नव्हता, हे दिसत होतं. मग दोन्ही वेळा मौतीच्याच दिवशी का? मौतीच्या दिवशी देवळात असं काय होतं, जे रोज होत नाही? रोज तीन वेळा तीन-तीन ठोके, नऊ. मौतीला त्र्याऐंशी. मौतीला चौऱ्याण्णव. त्यानं वर माळ्याकडं पाहिलं.

"मच्छिंद्र, वर जा," तो म्हणाला. "दोर वढ. धा-बारा ठोके दे."

"मी?"

"तूच. मला हितं हुबं ऱ्हायचंय."

मच्छिंद्र वर गेला. भिमाजीनं दोन्ही तळवे भिंतीला लावले, एक भेगेच्या अलीकडं, एक पलीकडं. पहिल्या दोन ठोक्यांना काही नाही. पाचव्याला तळव्याखाली काहीतरी हललं. दहाव्याला भिंत, शंभरावर वर्षं जागची न ढळलेली ती काळी भिंत, ताप भरलेल्या लेकरागत थरथरत होती, आणि दोन तळवे दोन वेगवेगळ्या तऱ्हेनं हलत होते.

"बास!" तो ओरडला. "बास कर!"

मग दोघं मिळून मनोऱ्याच्या टोकाला चढले. घंटा सागवानी तुळईला टांगलेली. तुळईची दोन टोकं दोन बाजूंच्या भिंतीत, दगडात कोरलेल्या खोबणीत. आणि त्या खोबणीत तुळईच्या चहूबाजूंनी राखाडी सिमेंट गच्च भरलेलं. त्या सिमेंटवर, ओलं असताना बोटानं काढलेला क्रूस, आणि खाली अक्षरं: भिमाजी, २०१३.

मच्छिंद्रनं ती वाचली. मोठ्यानं नाही वाचली, एवढा त्याचा मोठेपणा.

भिमाजीला सगळं आठवलं. पवित्र आठवड्यात गुरुवार ते शनिवार घंटा मुकी असते. तिच्याऐवजी फळीवर लाकडी हातोडा आपटणारा खटखटा वाजवतात. त्या मुक्या दिवसांत आजा राणू दरवर्षी इथं चढायचा. तुळईभोवती दगडात बोटभर जागा सोडलेली होती. त्यातली कबुतरांची घाण, काटक्या तो काढायचा आणि मग त्या जागेत बोट घालून चारही बाजूंनी फिरवायचा. बोट मोकळं फिरलं की खाली यायचा. का, ते त्यानं सांगितलं नाही, आणि सात-आठ वर्षांच्या भिमाजीनं विचारलं नाही. पुढं बापानंही ते केलं. भिमाजीनंही काही वर्षं केलं. पण कबुतरांचा वैताग, त्यात ठोका दिला की तुळई जागच्या जागी हलते, आणि फिटरच्या डोळ्याला हलती वस्तू खपत नाही. हलतं ते आवळायचं. जुन्या लोकांनी काम अर्धवट ठेवलं असं समजून निवृत्तीच्या वर्षी त्यानं स्वतःच्या पैशानं सिमेंट आणलं आणि घंटेची मोठी सेवा केल्याच्या आनंदात वर नाव घातलं. सिमेंट मच्छिंद्रच्याच दुकानातलं होतं.

"तात्या, म्या तवा इचारलं हुतं, कशाला पायजे?" मच्छिंद्र हळूच म्हणाला. "तुमी म्हनलात, आज्याची चूक दुरुस्त करायची हाय."

भिमाजी तिथंच, कबुतरांच्या घाणीत बसून राहिला. त्याला लाज वाटली, इतकी की त्या क्षणी मच्छिंद्रनं थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी त्यानं त्याच दारात, त्याच लोकांसमोर सांगितलं. काच मच्छिंद्रनं फोडली नव्हती. सिमेंट मी भरलं होतं. सीमाच्या पाया पडायला तो वाकला तेव्हा तीच मागं सरली. लोकांना एवढ्यानं पटतं होय? दोघांचं आतून काहीतरी ठरलंय, अशी कुजबुज संध्याकाळपर्यंत फाट्यावर पोचली. संशय पेरायला एक रविवार लागतो, उपटायला वर्ष पुरत नाही, हे त्याला आता कळलं.

रोहिणीबाई ईस्टरच्या आठवड्यात आल्या. वर चढून बराच वेळ बघत राहिल्या. "तुमच्या आजोबांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "घंटा हलणारच. ती हलायला जागा ठेवली होती, म्हणजे तिचा धक्का भिंतीला लागत नाही. ती जागा बुजली, आता प्रत्येक ठोका भिंत खाते."

"मी सिमेंट काढतो. उद्याच छिन्नी घिऊन बसतो."

"अजिबात नाही. ते जपून, जाणत्या गवंड्याकडून काढावं लागेल. पावसाळ्यानंतरच. तोवर घंटेला हात लावायचा नाही. आणि एक सांगते, कारण घंटाच आहे याची मला अजून खात्री नाही. पायाही खचत असू शकतो. नवी काच लावते. घंटा बंद ठेवून ती पावसापर्यंत टिकली, तर देऊळ उभं ठेवा असं लिहून देईन. फुटली, तर पाया गेला असं समजा. मग काही इलाज नाही."

बाई गेल्या आणि भिमाजीच्या जिवाला नवाच घोर लागला. काच फुटली तर आज्याचं देऊळ जाणार. टिकली तर एवढंच ठरणार, की बारा वर्षं प्रत्येक मौतीला हे देऊळ तोच पाडत आला होता. रोज सकाळी तो काच बघायचा, आणि आपण नक्की कशाची वाट बघतोय, हे त्याचं त्यालाच कळायचं नाही. आता त्याचा संशय स्वतःवरच होता.

बनुबाईला सांगायला त्यानं आठ दिवस लावले.

"मंग मला काय?" तिनं विचारलं.

"खटखटा, आक्का. येक्याऐंशी ठोके. मोजून."

"कोंडीरामाला घंटा. मार्थीला घंटा, तिनं तर तुला उभ्या जन्मात चा न्हाई इचारला. अन् मला लाकूड?" ती उठून बसायला बघत होती. "मी काय गुड फ्रायडेला मरतीया व्हय?"

"आक्का, देऊळ पडंल."

"पडू दे. मी कुटं बघाया येनार हाय?"

मग ती भिंतीकडं तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातचा चहा घेतला, तो भिंतीकडं बघतच. तो विषय तिनं परत काढला नाही, आणि त्याला माफही केलं नाही. मे महिन्याच्या शेवटी, कडक उन्हात, दुपारची ती गेली.

फादर प्रवीण म्हणाले, "भिमाजी, पाच-दहा ठोके दिले तर..." आणि त्याचं तोंड बघून त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

प्रेत दारातून निघालं. भिमाजी पायरीवर उभा राहिला, हातात खटखटा. कोरडा, चुलीतलं लाकूड फोडल्यासारखा आवाज. एक. दोन. लोक वळून बघायला लागले. "सख्ख्या भयनीला घंटा दिली न्हाई," कुणीतरी कुजबुजलं. "घरात पटत नव्हतं म्हनं," दुसरं म्हणालं. त्याला सगळं ऐकू येत होतं. तो मोजत राहिला. एकोणऐंशीला वहीचा हिशेब संपला. तो थांबला नाही. ऐंशी. आणि तिचं जे होतं ते, एक्याऐंशी.

मग खटखटा दारात ठेवून तो आत गेला. खुर्च्या आवरायला मच्छिंद्र आलेला होता, पण हातातलं काम सोडून तो कुंडापाशी उभा होता. भिमाजीला पुढं जायचा धीर होईना.

"फुटली का?" त्यानं लांबूनच विचारलं.

"न्हाई, तात्या. केसभर तडा सुदिक न्हाई गेला."

भिमाजी जवळ गेला. मौतीचा दिवस, घंटा नाही, आणि काच धड होती. खाली फरशी स्वच्छ, चुन्याचा एक कण नाही. वर मनोरा गप्प. देऊळ वाचलं होतं, आणि कोण पाडत होतं तेही आता पक्कं झालं होतं. पाऊस यायला अजून पंधरा दिवस होते, पण त्याला आता पावसाची गरज नव्हती.

"जा तात्या," मच्छिंद्र म्हणाला. "माती द्यायची ऱ्हाईल. आक्का वाट बघतीया."

भिमाजी वळला. दारात आल्यावर त्यानं खटखटा उचलला आणि मधल्या वाटेनं, सत्तर वर्षांच्या पायांना झेपेल तेवढं पळत, रडत निघाला.